द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की निफाड, दिंडोरी, चांदवडकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. कोणता ट्रॅक्टर, किती एचपीचा, ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) किती लिटरचा. आमच्या घरची चार एकर बाग आणि दोन एकर कांदा आहे. गेल्या काही वर्षांत दोन छोटे ट्रॅक्टर हाताखालून गेले, त्यातला पहिला चुकीचा घेतला होता. त्या अनुभवावर आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नांवर ही उत्तरं बेतली आहेत. ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याने तेवढाच वाचला तरी चालेल. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. छोटा ट्रॅक्टर म्हणजे नेमका कोणता? मिनी, बागेचा आणि छोटा यांत फरक आहे का?

आपल्याकडे साधारण १५ ते ३० एचपीच्या ट्रॅक्टरला सरसकट मिनी म्हणतात, पण त्यात दोन जाती आहेत. पहिली जात एका सिलिंडरच्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या १५ एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरांची. महिंद्रा युवराज २१५ हे त्याचं ओळखीचं उदाहरण. दुसरी जात खास बागेसाठी बांधलेल्या, अंगाने अरुंद, बुटक्या आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरांची. महिंद्रा जिवो २४५, कुबोटा निओस्टार बी २४४१ आणि बी २७४१, जॉन डिअर ३०२८ ईएन हे या गटातले. राजकोटचे कॅप्टन आणि बेंगळुरूच्या व्हीएसटीचे छोटे ट्रॅक्टरही नाशकात बरेच दिसतात. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ओजा ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका आणली, तिच्यातही बागेत चालणारी मॉडेलं आहेत.

द्राक्षासाठी विचार करायचा तो दुसऱ्या जातीचा. पहिली जात आंतरमशागतीला, छोट्या ट्रॉलीला आणि भाजीपाल्याला चांगली. ब्लोअरवर मात्र तिचा दम निघतो.

२. आमची तीन एकर बाग आहे. किती एचपीचा घ्यावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मी दर वेळी उलट विचारतो, ब्लोअर कोणता घेणार? आधी अवजार ठरवा, ट्रॅक्टर मागाहून ठरतो. बागेतलं सर्वांत जड आणि सर्वांत निकडीचं काम फवारणीचं. नांगरट चार दिवस पुढे ढकलता येते. डाउनी या बुरशीरोगाचं वातावरण असताना फवारणी चार तासही ढकलता येत नाही.

बॉनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. पीटीओवर, म्हणजे मागच्या ज्या फिरत्या दांड्याला अवजार जोडतात तिथे, त्यातला साधारण ८० ते ८५ टक्के पोहोचतो. २४ एचपीच्या ट्रॅक्टरचा पीटीओला १९ ते २० एचपी मिळाला असं धरा. ब्लोअरचा पंखा, पंप आणि चिखलातून टाकी ओढणं हे तिन्ही त्याच एका इंजिनावर. म्हणून ब्लोअर विकणारा 'किमान १८ एचपी' म्हणाला की तो इंजिनाचा सांगतोय की पीटीओचा, हे तिथेच विचारून घ्या.

माझा सल्ला असा : लिफ्टवरच्या (ट्रॅक्टरच्या मागच्या उचलणाऱ्या आर्मवर बसणाऱ्या) २०० लिटरच्या ब्लोअरला १८ ते २१ एचपी पुरतो. मागे ओढायचा ५०० ते ६०० लिटरचा असेल तर २४ एचपीच्या खाली जाऊ नका, आणि जमीन कादवा नदीकाठची काळी किंवा चढाची असेल तर २७–२८ चा बघा. तीन एकर की सहा, यावर एचपी ठरत नाही. एकरं वाढली की तास वाढतात, ओझं तेवढंच राहतं.

आणखी एक करा. देशातल्या ट्रॅक्टरांची चाचणी मध्य प्रदेशातल्या बुधनी इथल्या केंद्रीय संस्थेत होते. तिच्या अहवालात पीटीओची प्रत्यक्ष ताकद, डिझेलचा खप आणि लिफ्टची क्षमता मोजून दिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. रंगीत पत्रकापेक्षा ती चार पानं जास्त कामाची आहेत.

३. आमची गल्ली नऊ फुटांची आहे. त्यात कोणताही छोटा ट्रॅक्टर मावेल ना?

कागदावर नऊ फूट असतात, ट्रॅक्टरला मिळतात त्याहून बरेच कमी. वेलीच्या दोन्ही बाजूंचा बोद (मातीचा उंच वाफा) गल्लीत येतो. अडीच-तीन फुटांचा बोद धरला तर सपाट जागा सहा फुटांच्या आत-बाहेर उरते. वर इंग्रजी वाय आकाराचे अँगल, त्यावरून लोंबणाऱ्या काड्या, पुढे घड. म्हणून मोजमाप ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर ७०–८० दिवसांनी, बाग भरलेली असताना घ्या. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या उघड्या बागेत घेतलेलं माप फसवं असतं.

तीन मापं घ्या. चाकांच्या उंचीवर रुंदी, ड्रायव्हरच्या खांद्याच्या उंचीवर रुंदी, आणि तारेपासून जमिनीपर्यंतची उंची. बागेच्या ट्रॅक्टरची रुंदी साधारण साडेतीन ते चार फूट असते. मागच्या चाकांच्या डिश उलट्यासुलट्या बसवून ती थोडी कमी-जास्त करता येते, विक्रेत्याकडून ती सर्वांत अरुंद बाजूने बसवून घ्या. सायलेन्सर बॉनेटच्या वर उभा असेल तर त्याची आच घडांना आणि कोवळ्या पानांना लागते. तो खालून किंवा बाजूने काढलेला असावा. मागची रोल बारची कमान दुमडणारी हवी, मात्र बागेतून बाहेर आल्यावर ती परत उभी करायची सवय लावा.

चौथं माप बहुतेक जण विसरतात ते बांधाकडचं. टोकाच्या खांबांना ताणाच्या तारा बांधलेल्या असतात आणि वळताना ब्लोअरचं मागचं चाक नेमकं त्यांत अडकतं. ओढायचा ब्लोअर असेल तर ओळ संपल्यावर १२ ते १५ फूट मोकळी जागा लागते. नवी बाग लावत असाल तर ही जागा आताच सोडा. तिथल्या दोन-चार वेलींचं उत्पन्न गेल्यासारखं वाटतं, पण पुढची पंधरा वर्षं दर फवारणीला वेळ वाचतो.

४. टू व्हील घेतला तर पैसे वाचतात. फोर व्हील खरंच लागतो का?

द्राक्षाला लागतो. इथेच माझी पहिली चूक झाली. पैसे वाचवायला टू व्हील घेतला आणि पहिल्याच ऑक्टोबरला परतीच्या पावसाने गाठलं. छाटणीला बारा-तेरा दिवस झालेले, बाग पोंगा अवस्थेत (डोळे फुटून कोंब निघतानाची), रात्रभर पाऊस. सकाळी टाकी भरून गल्लीत घातला आणि तिसऱ्या ओळीत मागची चाकं काळ्या रानात रुतली. शेजारच्या काकांचा मोठा ट्रॅक्टर बांधावरून साखळी लावून ओढेपर्यंत दुपार झाली. त्या दिवशीची फवारणी दुसऱ्या दिवशी झाली आणि त्या प्लॉटमधल्या घडांवर डाउनी आला तो आलाच.

फोर व्हीलमध्ये पुढची चाकंही ओढतात, त्यामुळे त्याच ओल्यात निम्म्या घसरणीने काम होतं. सटाणा, देवळा, कळवणकडच्या अर्ली छाटणीवाल्यांना तर प्रश्नच नाही. त्यांची छाटणी जून ते ऑगस्टमध्ये पडते आणि अख्खा पावसाळा फवारणीत जातो.

मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि फक्त डाळिंब असेल तर टू व्हीलवर भागू शकतं. मात्र फोर व्हील घेतला तरी डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांची ताकद बंद करून चालवा. पुढची आणि मागची चाकं अगदी सारख्या वेगाने फिरत नाहीत, रानात तो फरक मातीत जिरतो, डांबरावर टायर आणि पुढच्या गिअरपेटीवर येतो.

५. ब्लोअर लिफ्टवरचा घ्यावा की ओढायचा? किती लिटरचा?

आधी वजनाचा हिशेब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ६०० लिटरच्या टाकीत ६०० किलो पाणी, वर लोखंड, पंखा, पंप. हे ओझं २४ एचपीच्या ट्रॅक्टरच्या लिफ्टवर टाकायचंच नसतं. या गटातल्या लिफ्टची क्षमता साधारण ७५० किलो सांगतात, पण तो आकडा खालच्या आर्मच्या टोकाशी मोजलेला. ब्लोअरचं वजन टोकापासून दीड-दोन फूट मागे लटकतं, तिथे लिफ्ट तेवढं पेलत नाही. त्याच्याही आधी पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही.

म्हणून लिफ्टवर २०० लिटर, फार तर थोडं पुढे. फायदा असा की वळायला जागा कमी लागते, गल्ली अरुंद असली तरी चालतं, किंमत कमी. तोटा म्हणजे पुन:पुन्हा भरायला शेततळ्यावर किंवा टाकीवर यावं लागतं. एकराला ४०० लिटर धरलं तर एकरामागे दोन फेऱ्या. दीड-दोन एकराला हे जमतं, चार एकराला दिवस पुरत नाही.

ओढायच्या ब्लोअरची टाकी ४०० पासून १००० लिटरपर्यंत मिळते. छोट्या ट्रॅक्टरला ६०० च्या वर जाऊ नका. ब्लोअरच्या चाकांमधलं अंतर ट्रॅक्टरच्या चाकांएवढंच ठेवा, म्हणजे ट्रॅक्टरने दाबलेल्या चाकोरीतूनच ब्लोअर येतो आणि बोदाचा कडा मोडत नाही. पाणी कमी लागणारे इलेक्ट्रोस्टॅटिक ब्लोअरही आता बरेच जण वापरतात, पण त्यांच्या नोझलची आणि तारांची देखभाल काटेकोर लागते. ज्याच्याकडे रोज संध्याकाळी यंत्र धुणारं माणूस आहे त्यानेच तिकडे वळावं.

६. एकराला किती वेळ आणि किती पाणी लागतं? कोणत्या गिअरमध्ये चालवायचं?

हे अंदाजाने करू नका, पाच मिनिटांचा हिशेब आहे. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. नऊ फुटांची गल्ली असेल तर एका एकरात ४,८४० फूट, म्हणजे सुमारे १,४७५ मीटर चालावं लागतं. ताशी ४ किलोमीटरने मिनिटाला ६७ मीटर होतात. म्हणजे एकराला २२ मिनिटं, वळणं आणि टाकी भरणं वेगळं.

आता पाणी. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींत औषधांच्या मात्रा हेक्टरी १,००० लिटर पाण्यावर धरलेल्या असतात, म्हणजे एकरी ४०० लिटर. ४०० भागिले २२ केलं की मिनिटाला १८ लिटर. तुमच्या ब्लोअरच्या सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला १८ लिटर पडायला हवेत.

पडतात का, हे कसं पाहायचं? टाकी साध्या पाण्याने काठोकाठ भरा. ट्रॅक्टर जागेवर उभा करून, फवारणीला ठेवता तेवढ्याच आरपीएमवर आणि दाबावर पाच मिनिटं चालवा. मग बादलीने मोजून टाकी परत भरा. ९० लिटर लागले तर गणित जुळलं. ११० लागले तर नोझल झिजलेत आणि तुम्ही न कळत जास्त औषध मारताय. निर्यातीच्या बागेत फळात औषधाचा अंश जास्त निघाला तर काय होतं हे सांगायला नको.

गिअर ठरवायला १०० मीटर दोरीने मोजा आणि पीटीओ ५४० वर ठेवून ते अंतर ९० सेकंदांत कापणारा गिअर शोधा. तोच ताशी ४ किलोमीटरचा. पोंगा अवस्थेत पानोरा नसतो, तेव्हा वरचे-खालचे काही नोझल बंद करून पाणी कमी करा आणि हिशेब पुन्हा मांडा.

७. पीटीओ ५४०, ५४० ई, सिंगल क्लच, डबल क्लच… यातलं काय बघायचं?

ब्लोअर आणि रोटाव्हेटर दोन्ही मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालायला बनवलेले असतात. ५४० ई मध्ये इंजिन कमी आरपीएमवर ठेवूनही पीटीओ ५४० फिरतो, डिझेल वाचतं. हलक्या कामाला तो छान. भरल्या बागेत ब्लोअरला लावला तर चढावर इंजिन दबतं.

क्लचकडे मात्र नीट लक्ष द्या. सिंगल क्लचमध्ये गिअर बदलायला पाय दाबला की पीटीओही थांबतो. ओळीच्या टोकाला वळताना पंख्याचा वेग पडतो आणि पुढच्या ओळीचे पहिले चार-पाच वेल अर्धवट भिजतात. रोग तिथूनच सुरू होतो, टोकाचे वेल आधी का जातात याचं एक कारण हे. डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर ट्रॅक्टर थांबला तरी पंखा फिरत राहतो.

सिंगल क्लचवाल्यांसाठी आणखी एक धोका. फिरत्या पंख्यात एवढी गती साठलेली असते की क्लच दाबूनही तो ट्रॅक्टरला दोन-चार फूट पुढे ढकलतो. बांधावर विहीर किंवा शेततळं असेल तर विचार करा. पीटीओ शाफ्टवर एकाच दिशेने ताकद देणारा फ्री व्हीलचा जोड मिळतो, तो बसवून घ्या.

८. रोटाव्हेटर किती फुटी घ्यावा? बागेत किती वेळा मारावा?

२० ते २४ एचपीला तीन फुटी, २४ ते २८ ला चार फुटी. ट्रॅक्टरच्या बाहेरच्या चाकमापाएवढा किंवा दोन-चार इंच जास्त असला की चाकांचे ठसे पुसले जातात. त्याहून मोठा घेऊन पात्यांनी बोद कापू नका, पांढरी मुळी तिथेच असते.

मारायचा किती वेळा याबाबत माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून दोनदा, खरड छाटणीच्या आधी-नंतर आणि गरज पडली तर फळछाटणीआधी. दर पंधरवड्याला रोटा मारून गल्ली गुळगुळीत ठेवायची हौस जमिनीला महाग पडते. वरचे चार इंच भुसभुशीत, खाली पात्यांनी घोटलेला कडक थर, आणि पावसात ट्रॅक्टर रुततो तो त्याच पिठासारख्या मातीत. आम्ही गेली काही वर्षं पावसाळ्यात गल्लीत गवत वाढू देतो आणि ग्रास कटरने कापतो. गवताच्या मुळांवर चाक टिकतं.

९. ट्रॅक्टरबरोबर कोणती अवजारं लगेच घ्यावीत, कोणती नंतर?

ब्लोअर आधी. मग ग्रास कटर किंवा रोटाव्हेटर यांतलं एक. छोटी ट्रॉली शेणखताला, क्रेटला आणि काड्या बाहेर काढायला रोज लागते, ती तिसरी. फण आणि सरी यंत्र स्वस्त आहेत, कांदा-भाजीपाला करत असाल तर घ्या. खांबांसाठी खड्डे घेणारं यंत्र, पल्टी नांगर, शेणखत पसरणारं यंत्र यांचं काम वर्षातून चार-पाच दिवसांचं. ते भाड्याने आणा किंवा भावकीत मिळून घ्या.

विक्रेते 'पूर्ण सेट' देतात. त्या सेटमधलं निम्मं लोखंड नंतर गोठ्यामागे गंजत पडतं.

१०. छाटणीच्या काड्या जाळायच्या नाहीत. छोट्या ट्रॅक्टरवर कुट्टी होते का?

होते, पण काड्या हिरव्या असतानाच. छाटणीनंतर दोन-चार दिवसांत गल्लीच्या मध्यभागी ओढून ठेवा आणि मल्चर किंवा श्रेडर त्यावरून फिरवा. आठ-दहा दिवसांनी वाळलेल्या, अंगठ्याएवढ्या काडीला २४ एचपीचा ट्रॅक्टर कुरकुरतो. आधी तार, सुतळीचे गुंडे आणि ड्रिपच्या नळ्यांचे तुकडे वेचून घ्या. नळी शाफ्टला गुंडाळली की बेअरिंगचं सील जातं. रोगट काड्या मात्र कुट्टी करून गल्लीत ठेवू नका, त्या बाहेर काढा.

११. द्राक्षाबरोबर कांदाही आहे. एकाच छोट्या ट्रॅक्टरवर दोन्ही भागेल का?

गादीवाफे, सऱ्या, फवारणी, शेतातून चाळीपर्यंतची वाहतूक हे सगळं भागतं. खोल नांगरट भागत नाही. ती मोठ्या ट्रॅक्टरने एकरावर भाड्याने करून घ्या, वर्षातून एकदाचं काम आहे.

लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत कांदा नेण्याचा विचार असेल तर सावध राहा. मोठ्या ट्रॅक्टरमागे २०–२५ क्विंटल भरलेली ट्रॉली बघून तेवढीच आपल्यालाही ओढता येईल असं वाटतं. सपाट रस्त्यावर ओढतोही. थांबवणं अवघड असतं. एक टनाच्या आसपासच्या ट्रॅक्टरला मागून अडीच-तीन टन ढकलत असतील तर उतारावर ब्रेक काही करू शकत नाहीत. छोट्यामागे एक ते सव्वा टनाच्या वर माल नको. कांदा रोजंदारीच्या मोठ्या ट्रॅक्टरने किंवा पिकअपने पाठवा.

१२. परदेशी व्हिडिओंत छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि बर्फ ढकलणारं पातं असतं. तसं आपल्याकडे घ्यावं का?

तिकडे हिवाळाभर घरासमोरचा रस्ता मोकळा ठेवणं हेच त्या ट्रॅक्टरचं मुख्य काम असतं. त्यासाठी पुढच्या एक्सलचा बांधा दणकट असतो, पुढे वेगळा पीटीओ असतो, बर्फ उडवणारं यंत्र त्यावर चालतं. आपल्या बागेच्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल त्या ओझ्यासाठी बांधलेला नाही. गावातल्या वेल्डरकडून लोडर बसवून घेतला तर किंगपिन आणि पुढचं डिफरन्शिअल लवकर जातं, वॉरंटीही उडते. शेणखत भरायला लोडर हवाच असेल तर तो ट्रॅक्टर बनवणाऱ्याच्या मंजुरीचा असावा.

मागे लावायचं सरळ पातं मात्र आपल्यालाही उपयोगाचं. बांधाकडचा रस्ता सारखा करायला, पावसात वाहून आलेला गाळ ओढायला, मुरूम पसरवायला. गारपिटीनंतर शेडपुढचा गारांचा थरही त्याने ओढता येतो, बागेत मात्र जाऊ नका, त्या वेळी जमीन बसते ती वर्षभर उठत नाही.

१३. आमचं रान पेठ-सुरगाण्याकडे उतारावर आहे. भात आणि थोडा आंबा. हेच ट्रॅक्टर चालतील का?

भाताच्या छोट्या खाचरांना हलका फोर व्हीलच बरा, चिखलणीत मोठा ट्रॅक्टर बुडतो. चिखलणीला पोकळ लोखंडी चाकं मिळतात, ती घेतली तर रोटाव्हेटर हलका चालतो. उतारावर मात्र बागेचे अरुंद ट्रॅक्टर जास्त जपून वापरावे लागतात. मापात अरुंद म्हणजे कलंडायला सोपा. चाकं रुंद बाजूने बसवा (प्रश्न ३ च्या उलट), आडव्या उतारावर न चालता वर-खाली चाला, आणि उतरताना क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नका. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात गवताळ उतार साबणासारखा होतो, तिथे रोल बार उभा आणि सीट बेल्ट बांधलेला हवा.

१४. अनुदान कसं मिळतं? आधी ट्रॅक्टर घेऊन नंतर अर्ज केला तर?

नंतर केलेला अर्ज बाद होतो. क्रम असा : महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड झाल्याचा मेसेज, कागदपत्रं, कृषी विभागाची पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचं बिल असेल तर ते चालत नाही. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के, इतरांना ४० टक्के असा साधारण नियम, आणि दोन्हींना कमाल रकमेची मर्यादा असते. मर्यादा एचपीच्या गटावर ठरते, म्हणून तुमच्या मॉडेलचा पात्र यादीतला गट तालुका कृषी कार्यालयात तपासून घ्या. ब्लोअर आणि रोटाव्हेटर वेगळे घटक आहेत, त्यांचा अर्ज वेगळा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनं कोटेशन हातात असेल तर नवीन मागून घ्या.

१५. जुना घ्यायचा असेल तर काय तपासावं?

तासांचा मीटर बघा, पण त्यावर विसंबू नका, तो बदलता येतो. क्लचच्या पेडलचं रबर, सीटची झीज आणि पीटीओ शाफ्टच्या दात्यांची धार खोटं बोलत नाही. ब्लोअरवर राबलेल्या ट्रॅक्टरचे पीटीओचे दाते घासलेले असतात. लिफ्टवर वजन ठेवून इंजिन बंद करा, अर्ध्या तासात आर्म खाली आले तर लिफ्टचं काम निघणार. पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना तेल गळतं का पाहा, फोर व्हीलमधली महागडी दुरुस्ती तिथे असते. द्राक्षाच्या ट्रॅक्टरवर बोर्डो आणि गंधकाचे डाग असणारच, पण वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढला असेल तर भाव पाडा.

इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला सांगा. आपण पोहोचण्याआधीच कोणी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता जा.

१६. निफाडच्या थंडीत पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही. मॉडेल चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरतो, तेव्हा अशक्त बॅटरी आधी उघडी पडते. चावी अर्धी फिरवून हीटरला १५–२० सेकंद द्या, मग स्टार्टर. क्लच दाबून सुरू करा म्हणजे गिअरपेटीतलं घट्ट तेल फिरवावं लागत नाही. बॅटरीचे टर्मिनल घासा. सुरू झाल्यावर पाच मिनिटं मंद चालू द्या आणि मगच पीटीओ जोडा. थंड इंजिनावर ब्लोअरचा पंखा एकदम जोडल्याने क्लच प्लेटा जातात.

१७. पीटीओच्या जॉइंटवरचं प्लॅस्टिकचं कव्हर मेस्त्री काढून टाकतो. त्याने काय बिघडतं?

माणूस जातो. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. पंचाचं टोक, ओढणी, पदर, रेनकोटची दोरी काहीही गुंडाळलं गेलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. कव्हर फुटलं असेल तर त्याच दिवशी नवं आणा. टाकीत औषध ओतताना किंवा नोझल साफ करताना पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. बागेत घरचे सगळे राबतात, मुलं सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टरवर बसायचा हट्ट धरतात. फवारणीच्या दिवशी मडगार्डवर कोणालाही बसवू नका, लेकराला तर नाहीच.

चालवणाऱ्यासाठी औषधाचा मास्क, चष्मा, हातमोजे हवेत. तोंडाला बांधलेला रुमाल औषध अडवत नाही, उलट भिजला की तेच तोंडाशी धरून ठेवतो.

१८. बाग फक्त एक एकर आहे. तरी स्वतःचा घ्यावा का?

एकट्याने नको. भाड्याने ब्लोअर फवारणी करणारे आता गावोगाव आहेत. अडचण एकच, पाऊस उघडला की सगळ्यांना ते एकाच सकाळी हवे असतात. शेजारच्या तीन-चार बागा मिळून ट्रॅक्टर घेता आला तर उत्तम, पण सगळ्यांनी एकाच आठवड्यात छाटणी करू नका. पाच-सहा दिवसांच्या अंतराने छाटण्या घेतल्या तर निकडीचे दिवस एकमेकांवर येत नाहीत. ते जमणार नसेल तर जुना, लहान फोर व्हील आणि लिफ्टवरचा २०० लिटरचा ब्लोअर हा एक एकरावरचा शहाणा मार्ग (प्रश्न ५ आणि १५ वाचा).

१९. लिफ्टवरचा ब्लोअर भरला की चढावर पुढची चाकं उचलतात. पुढे दगड बांधले तर चालेल का?

दगड नको, ते सुटतात आणि चाकाखाली येतात. कंपनीची बंपरवर बसणारी ओतीव वजनं मिळतात, ती लावा. पुढच्या टायरमध्ये पाणी भरूनही वजन वाढवता येतं. व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश भरा, वरची जागा हवेला हवी. मात्र फळछाटणीनंतर ओल्या काळ्या रानात हेच वजन जमीन दाबतं, म्हणून पाणी भरण्याआधी बंपरची वजनं लावून बघा, ती दहा मिनिटांत काढता येतात. तरीही चाकं उचलत असतील तर टाकी पाऊण भरूनच गल्लीत शिरा आणि चढाच्या ओळी आधी, उताराच्या नंतर असं न करता टाकी भरलेली असताना उताराने उतरा, रिकामी होत आली की चढाने वर या.